कुठली मोटर घेऊ?

ऑनसाइट असताना विकांताला करायचं काय, हा एक मोठाच प्रश्न असतो. कपडे धुऊन झाले, देसी दुकानातून आठवड्याची भाजी आणि मॅगीची पाकिटं आणून झाली, घरी फोन झाला, की शनिवारचे दुपारचे दोन वाजलेले असतात आणि पुढे अख्खा दीड दिवस आ वासून उभा असतो. २००६ सालच्या अशाच एका शनिवारी, अमेरिकेच्या मधल्या भागातल्या एका छोट्याशा गावात, मी आणि माझा रूममेट (कोल्हापूरचा गडी, त्यामुळे कुठेही गाडीचा आवाज आला की थांबणारच) लाँड्रीच्या शेजारच्या दुकानात डोकावलो. कपडे वाळायला पाऊण तास होता.

आत भिंतीपासून भिंतीपर्यंत एक लाकडी ट्रॅक. आठ रंगांच्या आठ खाचा, एका टोकाला मौत का कुआं असतो तसं तिरकं वळण, आणि खाचांतून तळहाताएवढ्या गाड्या डासासारखा आवाज करत पळताहेत. पळताहेत म्हणजे, दिसत नव्हत्याच जवळपास. काउंटरवर एक साठीपुढचे आजोबा बसलेले. मी आपला सराईतासारखा विचारता झालो, "तुमच्याकडची सगळ्यात फास्ट मोटर कुठली? ती असलेली गाडी द्या."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता दिली. पुढची वीस मिनिटं माझी गाडी पहिल्याच वळणावर खाचेतून उडून भिंतीवर आपटत होती. वळणापाशी उभा असलेला एक पोरगा ती दर वेळी उचलून परत खाचेत ठेवत होता (याला तिथे मार्शल म्हणतात, हे नंतर कळलं). शेवटी तो पोरगाच माझ्या शेजारच्या खाचेवर आला. नऊ-दहा वर्षांचा असेल. त्याची गाडी माझ्यापेक्षा उघडउघड हळू होती, आणि त्याने मला दहा फेऱ्यांत चार फेऱ्यांनी हरवलं. मग आजोबा आले, माझ्या हातातली गाडी काढून घेतली, दुसरी दिली आणि म्हणाले, "आता ही चालव. हिची मोटर सगळ्यात स्लो आहे."

त्या दुसऱ्या गाडीने मी पहिल्यांदा पूर्ण फेरी मारली. कपडे अर्थातच लाँड्रीत राहिले.

"कुठली मोटर घेऊ?" हा या छंदातला सगळ्यात जुना प्रश्न. पुढचे कितीतरी विकांत मी त्याच्याच मागे घालवले, आणि वाचता वाचता लक्षात आलं की या प्रश्नाच्या उत्तरापायी हा अख्खा छंद एकदा जवळजवळ बुडाला होता. आजचा लेख त्याबद्दल. (आपल्याकडे मोटार म्हणजे गाडी आणि मोटर म्हणजे विहिरीवरची. इथे दोन्ही आहेत, तेव्हा काना बघून वाचावे.)

ज्यांनी स्लॉट कार पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाडीच्या नाकाखाली एक पातळ पाकळी असते, ती ट्रॅकच्या खाचेत बसते. खाचेच्या दोन्ही बाजूंना विजेच्या पट्ट्या. गाडीच्या पोटाखाली तांब्याच्या बारीक तारांच्या दोन वेण्या, त्या पट्ट्यांना घासत जातात आणि मोटरला वीज पोचवतात. स्टिअरिंग नाही, गिअर बदलणं नाही. तुमच्या हातात पिस्तुलासारखा एक कंट्रोलर. घोडा जितका ओढाल तितकी वीज. म्हणजे चालवणाऱ्याने ठरवायचं एकच, कुठे ओढायचा आणि कुठे सोडायचा. ऐकायला बालिश वाटतं. मलाही वाटलं होतं.

विजेवर पळणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या तशा फार जुन्या. आगगाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतल्या लायनेल कंपनीने १९१२ सालीच खाचेतून धावणाऱ्या मोटारी विकायला काढल्या होत्या. तीनेक वर्षांत त्या बंद पडल्या. मग मधे चाळीस वर्षं सामसूम.

पुन्हा सुरुवात झाली ती ब्रिटनमध्ये, पन्नाशीच्या दशकात, आणि ती खेळण्यांच्या कंपन्यांनी नाही तर हौशी मंडळींनी केली. संध्याकाळी क्लबात जमून छोटी इंजिनं, छोट्या आगगाड्या बनवणारे लोक. त्यांच्यापुढे "कुठली मोटर घेऊ" हा प्रश्नच नव्हता. हाताशी आगगाडीची मोटर होती, ती बसवली. आणि इथेच पहिली गंमत आहे. आगगाडीच्या मोटरकडून अपेक्षा काय? हळू सुरुवात, दहा डबे ओढायची ताकद, तासन्‌तास न तापता एका गतीने चालणं. शर्यतीच्या गाडीचं सगळं उलट. डबे नाहीत, वजन नाही, पण सरळ रस्त्यावर झटक्यात वेग हवा आणि वळणाआधी झटक्यात कमी व्हायला हवा. तरी पुढची आठ-दहा वर्षं लोक आगगाडीच्या मोटरीच वापरत राहिले. अमेरिकेत पिटमन नावाची पेनसिल्व्हेनियातली कंपनी रेल्वेवाल्यांसाठी उत्तम मोटरी बनवायची. उघड्या चौकटीच्या, आतली सगळी तारकाम दिसणाऱ्या, जड आणि महाग. सुरुवातीच्या अमेरिकन शर्यतींत त्यांचाच दबदबा होता.

दरम्यान ब्रिटनमध्ये फ्रेड फ्रान्सिस नावाचा उद्योगी माणूस चावीच्या पत्र्याच्या गाड्या बनवत होता. त्याच्या कंपनीचं नाव मिनिमॉडेल्स, गाड्यांचं नाव स्केलेक्स. १९५२ पासून त्या बऱ्या खपत होत्या, मग खप उतरला. तेव्हा त्याने चावीच्या जागी विजेची मोटर बसवली, खाली रबराचा खाचवाला ट्रॅक दिला, आणि स्केलेक्स अधिक इलेक्ट्रिक मिळून नाव ठेवलं स्केलेक्स्ट्रिक. १९५७ च्या जानेवारीत हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात हे पहिल्यांदा मांडलं गेलं आणि मागणी इतकी आली की छोट्या कंपनीला ती पेलवेना. पुढच्याच वर्षी फ्रान्सिसने धंदा लाइन्स ब्रदर्स या बड्या कंपनीला विकून टाकला. सुरुवातीच्या त्या संचांत कंट्रोलर म्हणजे नुसतं एक बटण होतं. दाबलं की चालू, सोडलं की बंद. कमी-जास्त हा प्रकारच नव्हता. त्यामुळे मोटर मंद असणं ही गरजच होती. जोरकस मोटर आणि चालू-बंद बटण हे कॉम्बिनेशन म्हणजे माझी पहिली वीस मिनिटं.

(एक अवांतर: स्पेनमध्ये हे खेळणं एक्झिन कंपनीने १९६२ पासून बनवलं आणि ते इतकं घरोघरी पोचलं की एकमेकांवरून जाणाऱ्या उड्डाणपुलांच्या गुंत्याला स्पॅनिश लोक 'स्कालेक्स्ट्रिक' म्हणू लागले. माद्रिदच्या आतोचा भागातल्या अशा पुलाला सगळे त्याच नावाने ओळखायचे. ऐंशीच्या दशकात तो पाडला.)

आता खरी गोष्ट जपानमध्ये जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, शिकोकू बेटावरच्या ताकामात्सू गावात केनइची माबुची या तरुणाने नालाच्या आकाराचं चुंबक वापरून एक छोटी, स्वस्त मोटर तयार केली. खेळण्यांसाठीच. तोवर पत्र्याची खेळणी चावीवर चालायची. १९५४ मध्ये त्याने तोक्योत कंपनी काढली आणि १९६४ मध्ये हाँगकाँगला कारखाना टाकला. (त्याच हाँगकाँगमध्ये १९५९ पासून जॉन्सन इलेक्ट्रिक ही दुसरी कंपनीही खेळण्यांच्या मोटरी बनवत होती. पुढे स्केलेक्स्ट्रिकच्या गाड्यांत या दोघांच्याही मोटरी बसल्या.) माबुचीची खुबी काय? मोटर बंद डब्यात. पत्रा दाबून केलेला डबा, आत दोन चुंबकं, मधे तीन दातांचं आर्मेचर, मागे प्लॅस्टिकचं झाकण आणि त्यात कार्बनचे दोन ब्रश. पिटमनसारखी चौकट नाही, स्क्रू नाहीत, कौतुकाने बघत बसावं असं काही नाही. पण लाखांनी बनवता येईल अशी. डबा हेच चुंबकीय वर्तुळ पूर्ण करायचा, त्यामुळे वेगळं लोखंड नको. वजन कमी, किंमत कमी.

साठीच्या दशकात या डब्यांची दोन नावं जगभर झाली: ३६डी आणि तिची धाकटी बहीण १६डी. १९६३ पासून अमेरिकेत स्लॉट कारची लाट उसळली. गावोगावी ट्रॅक निघाले, बोलिंगच्या अड्ड्यांसारखे, तासावर पैसे भरून खेळायचे. अमेरिकन मॉडेल रेसवेज कंपनीचे मोठे ट्रॅक तर रंगावरून ओळखले जायचे. त्यातला ब्लू किंग १५५ फुटांचा, म्हणजे एक फेरी ४७ मीटरची. या सगळ्या बाजारात रेव्हेल, मोनोग्राम, रसकिट अशा कंपन्या गाड्या विकत होत्या, आणि त्यातल्या कितीतरी मोटरी मूळच्या माबुचीच्याच. फक्त डब्यावर आपापला रंग आणि आपापलं नाव. पोरं दुकानात तावातावाने वाद घालायची की याची मोटर भारी का त्याची. आत मोटर एकच. आपल्या क्षेत्रातल्या लोकांना हे नवीन वाटू नये. एकाच लायब्ररीवर वेगवेगळे लोगो चढवून विकणं आपण रोज बघतो.

पण माझ्या मते हाच या छंदाचा सुवर्णकाळ. सगळ्यांकडे साधारण सारखीच मोटर. फरक पडायचा तो चॅसीत, टायरमध्ये, गिअरमध्ये आणि बोटात. दहा वर्षांचा पोरगा खाऊच्या पैशांत तीच मोटर घेऊ शकायचा जी शेजारच्या खाचेवरच्या इंजिनिअरकडे होती.

हे टिकलं नाही, कारण डबा उघडता यायचा.

आपल्याकडे गावोगावी एसटी स्टँडजवळ एक पाटी दिसते: 'मोटर रिवाइंडिंग'. शेतातल्या पंपाची मोटर जळली की तिथे न्यायची, कारागीर जळकी तार काढून नवी तार गुंडाळून देतो. अमेरिकन पोरांनी नेमकं तेच केलं, फक्त मोटर जळायच्या आधी. आणि तार गुंडाळताना जुन्या मापाने न गुंडाळता कमी वेढे दिले, जाड तारेचे.

यामागचं गणित सोपं आहे आणि मजेशीर आहे, म्हणून थोडं थांबतो. मोटर फिरते तेव्हा ती स्वतः जनरेटरसारखी उलट दाबाची वीज तयार करत असते. हा उलटा दाब बाहेरून येणाऱ्या १२ व्होल्टच्या जवळ पोचला की मोटरचा वेग वाढायचा थांबतो. आता वेढे निम्मे केले, तर तेवढाच उलटा दाब तयार व्हायला तिला दुप्पट फिरावं लागतं. म्हणजे वेग दुप्पट! फुकटात! नाही, फुकटात नाही. वेढे निम्मे झाले की तारेची लांबी निम्मी, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुप्पट जाडीची (म्हणजे दुप्पट छेदाची) तार बसवली की तारेचा अडथळा निम्म्याचा निम्मा, म्हणजे पाव. गाडी जागेवरून सुटताना ही मोटर चौपट करंट ओढते. चौपट करंट म्हणजे ब्रश तापणार, कम्युटेटरची जोडकामं वितळणार, प्लॅस्टिकचं झाकण मऊ पडणार, ट्रॅकची वीज अपुरी पडणार. आणि शेजारच्या खाचेवरच्या पोराची गाडी तुम्ही घोडा ओढलात की मंदावणार.

चुंबकाचंही असंच उलटं. सगळ्यांना वाटतं ताकदवान चुंबक म्हणजे जास्त वेग. प्रत्यक्षात चुंबक जोरकस केलं तर उलटा दाब लवकर तयार होतो आणि वरचा वेग कमी होतो! मग लोक चुंबकामागे पैसे का घालतात? कारण जोर वाढतो, आणि ब्रेक सुधारतो. ब्रेक म्हणजे काय, तर घोडा पूर्ण सोडला की कंट्रोलर मोटरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडतो. फिरती मोटर जनरेटर होते, स्वतःचीच वीज स्वतःत रिचवते आणि थांबते. तिसरी वायर जोडून केलेला हा ब्रेक आला आणि शर्यतीचं तंत्रच बदललं. आता वळणाच्या तोंडापर्यंत घोडा ओढून धरता येत होता. पुढे अमेरिकन हवाई दलाच्या प्रयोगशाळेत साठीच्या दशकात ज्यावर काम झालं ती कोबाल्टची महागडी चुंबकं सत्तरच्या दशकात या खेळण्यांत येऊन बसली. (कर्नल साहेबांना हे कुणी सांगितलं होतं का, कोण जाणे.)

तर १९६५ नंतर जे सुरू झालं त्याला शस्त्रस्पर्धा हाच शब्द आहे. आधी घरी गुंडाळलेल्या तारा, मग म्युरा, चॅम्पियन अशा कंपन्यांनी तयार गुंडाळून, चिकटवून, तोल साधून विकलेली आर्मेचरं. मोठी ३६डी मागे पडली आणि धाकटी १६डी पुढे आली, कारण नव्याने गुंडाळल्यावर तिच्यात पुरेसा जोर होता आणि वजन कमी होतं. मग मोटर बसवायची कशी यावर डोकी चालली. आधी ती गाडीच्या लांबीत बसायची. तशी बसवली की आर्मेचरचा झटका गाडीला एका कुशीवर ढकलतो. मग आडवी बसवली, मागच्या आसाला समांतर. तर ती दोन चाकांच्या मधे मावेना. १९६८ च्या सुमारास तिरकी बसवायची पद्धत रूढ झाली, अँगलवाइंडर, आणि लांबीतल्या गाड्या एका हंगामात भंगारात गेल्या. तुम्ही मार्चमध्ये घेतलेली मोटर जूनमध्ये हरायची. दर आठवड्याला गाडीची किंमत वाढत होती आणि गाडी कमी कमी गाडीसारखी दिसत होती. पुढेपुढे तर ती पारदर्शक प्लॅस्टिकची पाचरच झाली.

आणि १९६७-६८ मध्ये रेसवे धडाधड बंद पडायला लागले.

याची कारणं सांगताना लोक भाडी, फॅशन, टीव्ही, बऱ्याच गोष्टी सांगतात. खेळण्यांच्या लाटा येतात आणि जातात हेही खरंच. सगळा दोष मोटरच्या डोक्यावर टाकणं योग्य होणार नाही. पण जे आत होते त्यांच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. शनिवारी नवीन पोरगा दुकानात यायचा, वाढदिवसाला मिळालेली गाडी खाचेत ठेवायचा, आणि शेजारून कुणीतरी हातगुंडाळी मोटरची गाडी घेऊन त्याला दर तीन फेऱ्यांत एकदा मागे टाकायचा. पोरगा पुढच्या शनिवारी यायचा नाही. रेसवे चालवणाऱ्याचा धंदा त्या पोरावर चालत होता, पट्टीच्या दहा-बारा रेसरवर नाही. हे मला पटतं, कारण लाँड्रीशेजारी मी जवळपास तोच पोरगा होतो. फक्त मी माझं वाटोळं माझ्याच हाताने, सगळ्यात फास्ट मोटर मागून केलं होतं.

उरलेल्यांनी यातून जे केलं ते मला या इतिहासातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. त्यांनी नियम केले, आणि ते वेगावर नाही, तारेवर केले. मोटरीचे गट पाडले. अमुक गटात अमुक जाडीची तार, अमुक वेढे, बस्स. उदाहरणार्थ नवख्यांचा सुपर १६डी हा प्रकार: ३० गेजच्या तारेचे ७० वेढे. त्याच्या वरचा ग्रुप १२: २९ गेजचे ५० वेढे. (गेज जितका कमी तितकी तार जाड. हे उलटं का, ते तार ओढणाऱ्यांना विचारा.) आकडे किरकोळ वाटतात, पण वरच्या गणिताने बघा. बाकी सगळं सारखं धरलं तर ७० चे ५० वेढे म्हणजे वरचा वेग साधारण ४० टक्क्यांनी जास्त, आणि तारेचा अडथळा जेमतेम ५७ टक्के उरतो. सगळ्यात वर ग्रुप ७, म्हणजे काहीही करा. त्या गाड्या ब्लू किंगची ४७ मीटरची फेरी दीड सेकंदाच्या आसपास मारतात. सरासरी ताशी ११० किलोमीटरच्या वर, वळणांसकट, खेळण्यातल्या गाडीने! अशा मोटरी इतका करंट ओढतात की रेसवेवाले ट्रॅकला खऱ्या मोटारीच्या बॅटऱ्या जोडतात. बघायला अफाट प्रकार. मी तो कंट्रोलर हातात घेणार नाही.

नियम आले तरी माणसं तीच. सीलबंद मोटर सक्तीची केली तर काही जण वीस मोटरी विकत घेतात, प्रत्येक मोजतात, सगळ्यात चांगली ठेवतात आणि उरलेल्या एकोणीस नवख्यांना विकतात. नवी मोटर कमी व्होल्टवर पाण्यात बुडवून चालवतात, म्हणजे कार्बनचे ब्रश कम्युटेटरच्या गोलाईवर लवकर घासून बसतात. (गंमत नाही, खरंच करतात. चहाच्या कपात मोटर फिरताना मी डोळ्यांनी पाहिली आहे.) यावर तोड म्हणून अनेक शर्यतींत आयोजकच मोटर देतात. शर्यतीआधी डब्यात हात घालायचा, जी हाताला लागेल ती तुमची. शर्यत संपली की परत करायची. कुठली मोटर घेऊ या प्रश्नाचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात प्रामाणिक उत्तर.

छोट्या गाड्यांचा वेगळा इतिहास आहे, तो भरभर सांगतो. ऑरोरा कंपनीने १९६० मध्ये अमेरिकेत बोटाएवढ्या गाड्या आणल्या. त्यात मोटर नव्हतीच! ब्रिटनमधून घेतलेली ती युक्ती म्हणजे दरवाजाच्या घंटीसारखं काम. उलटसुलट करंटवर एक पट्टी थरथरायची आणि चाकाला ढकलत न्यायची. आवाज भुंग्यासारखा. १९६३ मध्ये त्याच कंपनीने थंडरजेट आणली. तिची मोटर भाकरीसारखी चपटी, आडवी झोपवलेली, वर गिअरांची ताटली. तो प्रकार भयंकर खपला. मग १९७४ मध्ये त्यांनी मोटरचीच चुंबकं खाली वाढवून ट्रॅकच्या पट्टीला गाडी चिकटवून धरायची शक्कल काढली. गाडी वळणावर सुटेना. पोरं खूश, जुने रेसर नाराज. ही भांडणं अजून मिटलेली नाहीत. चुंबक ठेवायचं की काढायचं, यावरून आजही घरोघरच्या ट्रॅकवर दोन तट पडलेले असतात. मी काढणाऱ्यांतला. गाडी घसरली तरच ती चालवल्यासारखं वाटतं.

बरं, पण आज कुणी घ्यायची तर कुठली? युरोपातल्या १/३२ मापाच्या गाड्यांच्या मोटरींवर हल्ली आकडे छापलेले असतात, १२ व्होल्टला मिनिटाला २०,००० फेरे, २५,००० फेरे वगैरे. दुकानात उभं राहिलं की मोठ्या आकड्याकडे हात जातो. एकदा हिशोब करून बघा. २०,००० फेऱ्यांची मोटर, ३ ला १ असा गिअर, २० मिलिमीटर व्यासाचं चाक. आस मिनिटाला ६,६६७ वेळा फिरतो, एका फेऱ्यात गाडी सुमारे ६३ मिलिमीटर जाते. म्हणजे सेकंदाला ७ मीटर, ताशी २५ किलोमीटर. १/३२ मापाने गुणलं तर ताशी ८०० किलोमीटर, विमानाच्या वेगाच्या आसपास. आणि तुमच्या दिवाणखान्यातला सरळ रस्ता केवढा, तर अडीच मीटर. त्या अडीच मीटरमध्ये हा वेग कधी गाठलाच जाणार नाही. तिथे कामाला येतो तो सुटतानाचा जोर आणि थांबतानाचा ब्रेक, आणि ते पाकिटावर ठळक छापत नाहीत. घरच्या ट्रॅकला मी १८-२० हजारांच्या वर जाऊ नका असंच सांगेन, आणि जास्त जोराची घेतलीत तर कंट्रोलरही कमी ओहमचा घ्यावा लागेल, नाहीतर घोडा नुसताच गरम होतो आणि गाडी मधल्या वेगाला ऐकत नाही. खर्च मोटरवर थांबत नाही, हा मुद्दा बायकोपासून लपवायचा असतो.

त्या गावात मी आणखी सात महिने होतो. आजोबांनी मला शेवटपर्यंत नवख्यांच्या गटातून वर जाऊ दिलं नाही. "ज्या दिवशी एकदाही न पडता पन्नास फेऱ्या मारशील त्या दिवशी पुढची मोटर देईन," म्हणाले होते. माझा विक्रम एकेचाळीस. बेचाळिसाव्या फेरीला त्या नऊ वर्षांच्या पोराने मागून हाय म्हटलं.

मागच्या महिन्यात भाच्याची रिमोटची गाडी बंद पडली म्हणून उघडली. आत तीच मोटर, १३० मापाची, माबुचीच्या नमुन्यावरून कुणीतरी कुठेतरी बनवलेली. बुधवार पेठेत तशी नवीन मिळाली, चहा-क्रीमरोलच्या पैशांत. गाडी चालू झाली. जुनी मोटर फेकवेना, म्हणून झाकणाच्या कडा वर करून आर्मेचर बाहेर काढलं आणि एका दातावरची तार सोडवत वेढे मोजायला बसलो. भाचा शेजारी वहीत रेघा मारत होता. अठ्ठावन्नपर्यंत आलो आणि तार तुटली. आता दुसरा दात सोडवतोय.